गुरू सिंहेला आला की



नाशिकला रामकुंडाजवळ गंगा-गोदावरीचं एक देऊळ आहे. एरवी त्याला कुलूप असतं. लोक बंद दारालाच हात जोडतात आणि कपालेश्वराच्या पायऱ्या चढतात. ते दार उघडतं फक्त सिंहस्थात. १४ जुलै २०१५ ला सिंहस्थ लागला आणि पुढचे तेरा महिने ते उघडं राहिलं. किल्ली पुरोहितांकडे असली, तरी हुकूम चालतो तो आकाशातल्या गुरूचा.

सिंहस्थ, म्हणजे सिंह राशीत असलेला. कोण, ते सांगायची नाशिककरांना गरज वाटत नाही. देवांचा गुरू बृहस्पती, त्याचंच नाव ग्रहाला मिळालं. सूर्याभोवती त्याची फेरी ११.८६ वर्षांची, म्हणून एकेका राशीत मुक्काम साधारण वर्षभराचा. हल्ली फलकांवर 'कुंभमेळा' दिसतो. अमृतकुंभाची कथा मेळ्याच्या चारही ठिकाणची, तेव्हा ते चूक नाही. पण गुरू कुंभ राशीत लागतो तो हरिद्वारला. आपल्याकडे आणि उज्जैनला तो सिंहेत. मला विचाराल तर जुनंच नाव नेमकं.

या नावाची धास्तीही होती. सिंहस्थात लग्नं वर्ज्य, म्हणून "सिंहस्थ लागायच्या आत उरकून टाका" असा घरोघर तगादा. काही शास्त्रकारांनी हा निषेध भागीरथी ते गोदावरी एवढ्याच मुलखापुरता मानला. त्या हिशेबानं पंचवटीतल्या मुलीचं लग्न अडायचं आणि गोदावरीवरचा पूल ओलांडून जुन्या नाशकात आलं की सुटका!

आता ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण जाहीर झालं आहे, आणि पर्व थेट २४ जुलै २०२८ पर्यंत. इतकं लांबलं, कारण गुरू मध्येच वक्री होऊन कर्केत जाणार. वक्री म्हटलं की आपल्या कपाळावर आठी. वास्तविक तो कुठं मागं फिरत नाही. आपली गाडी शेजारच्या रुळावरच्या संथ गाडीला मागं टाकते, तेव्हा ती उलटी सरकल्यासारखी दिसते ना, तसं. पृथ्वी आतल्या वाटेनं भरभर पुढं निघून जाते, इतकंच.

बिचाऱ्या शनीचं तर नावच चालीवरून पडलं. शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा. त्याची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, एका राशीत अडीच वर्षं. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची, तीन मिळून झाली साडेसाती. चांगला गुणाकार आहे हा. आपण त्याची भीती करून ठेवली. या शब्दांत मुळात ग्रहाचा ठावठिकाणा आणि त्याची चाल आहे. भय आणि भक्ती आपण नंतर घातली.

गुरू मात्र सिंहेत कायमचा थोडाच राहतो? पुढची रास कन्या, आणि कन्येला तो आला की मान कृष्णेचा. २०१६ च्या ऑगस्टात आपल्याकडचा ध्वज उतरला, आणि तिकडे नृसिंहवाडीला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, कन्यागताच्या स्नानांना सुरुवात झाली.