काळ्या फुजीवरचे बेवारस

साकिची सातो दिग्दर्शित ‘टोकियो झोंबी’ (2005) या विनोदी चित्रपटात मेलेली माणसे स्मशानातून उठत नाहीत, कचऱ्यातून उठतात. युसाकु हानाकुमा यांच्या मंगावर बेतलेल्या या कथेत ‘काळा फुजी’ नावाचा कचऱ्याचा डोंगर आहे. नकोशा वस्तूंबरोबर लोक नकोशी माणसेही तिथे पुरून येतात. फुजिओ आणि मित्सुओ हे दोन कामगारही, हातून साहेबाचा जीव गेल्यावर, तोच रस्ता धरतात. प्रकार सगळा टवाळीचा. पण त्याच्या बुडाशी जपानी धर्मजीवनातला जुना प्रश्न आहे. ज्याचे कोणी काहीच केले नाही, त्या मृताचे काय होते?

जपानमध्ये 99 टक्क्यांहून अधिक मृतांचे दहन होते, म्हणजे उठायला देहच उरत नाही. दहनानंतर नातेवाईक चॉपस्टिक्सने अस्थी वेचतात, पायांपासून सुरुवात करून शेवटी डोक्याच्या, म्हणजे कलशात मृत उलटा राहत नाही. एक अस्थी दोघे मिळून उचलतात किंवा एकमेकांच्या हाती देतात. म्हणूनच जेवताना चॉपस्टिक्समधून चॉपस्टिक्समध्ये घास देणे अशुभ. पुढे 49 दिवसांचे विधी, आणि दर उन्हाळ्यात ओबोन हा पितरांचा सण. बुद्धशिष्य मौद्गल्यायनाला आपली आई प्रेतयोनीत भुकेने तळमळताना दिसली आणि संघाला केलेल्या अन्नदानाने ती सुटली, या कथेवर ओबोन उभा आहे.

ज्यांच्यामागे हे करणारे कोणी नसते, त्यांना ‘मुएनबोतोके’ म्हणतात. त्यांच्यासाठी मंदिरांत ‘सेगाकी’ हा अन्नदानाचा विधी होतो. सर्वपित्री अमावास्येला अज्ञात मृतांचीही आठवण ठेवणाऱ्यांना तो परका वाटू नये.

काळ्या फुजीवरचे मृत या वर्गातले. काबुकी या जपानी नाट्यप्रकारातली ओइवा भूत होऊन सूड घ्यायला येते आणि तिला कोणाला छळायचे ते पक्के ठाऊक असते. झोंबीला मात्र ना वैर ना आप्त, म्हणून तो समोर येईल त्याला चावतो. चित्रपट याची फारशी चिकित्सा करत नाही, आणि उत्तरार्धात, श्रीमंतांच्या करमणुकीसाठी झोंबींशी झुंजी लावल्या जातात तिथे, तो बराच रेंगाळतो. तरी नेमका मुद्दा त्याच आखाड्यात येतो: फुजिओसमोर उभा राहतो तो मित्सुओ, त्याला जुजित्सू शिकवणारा. बाकीच्यांना तो आणखी एक झोंबी. फुजिओच्या लेखी मात्र तो अजून गुरूच आहे.