रेडियममधला आशीर्वाद

माणसाने आयुष्यात एकदा तरी रेडियमच्या दुकानासमोरच्या बाकावर दोन तास बसावे, असे माझे मत आहे. काशीला जाऊन जे ज्ञान व्हायचे ते इथे अर्ध्या खर्चात होते, आणि वर चहा मिळतो.

रेडियम म्हणजे काय, हे आमच्या केशोरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गाडीवर चिकटवायचे ते रेडियम. नंबर रेडियमचा, टाकीवरचा वाघ रेडियमचा आणि मडगार्डवरचा शंकरही रेडियमचा. मी जन्मभर झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. दुकानातल्या पोराला मी पहिल्याच दिवशी अडवले.

"अरे, रेडियम ही मूलद्रव्याची जात आहे. क्युरी नवरा-बायकोने १८९८ साली शोधली. त्याचा रंग घड्याळाच्या आकड्यांना लावत, म्हणजे अंधारात दिसावेत. अमेरिकेत ते रंगवणाऱ्या मुली ब्रशाचे टोक ओठांत धरून बारीक करत. ते पोटात गेलं, जबड्याची हाडं सडली, कित्येक जणी मेल्या. तुझ्या दुकानात खरं रेडियम असतं तर तू इथे असा बसला नसतास!"

"मंग मी काय लावतो जी?"

"विनाइल. प्लॅस्टिकचा पापुद्रा. मागे गोंद."

त्याने क्षणभर विचार केला. "गिऱ्हाईक रेडियम मांगते, मी रेडियम देतो. इनाइल कोनी मांगलंच नाही आजवर."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. सॉक्रेटिसाकडे असते की नाही, कोण जाणे.

एक मात्र खरे. त्यातला जो चमकणारा प्रकार असतो त्यात काचेचे बारीक मणी बसवलेले असतात. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड ते आल्या वाटेने परत पाठवतात. स्वतःचा उजेड काडीचा नाही. कोणी तोंडावर दिवा मारला की मग काय तो थाट! अशी माणसे तुमच्या गावात असतील. आमच्याकडे दोन आहेत. नावे सांगत नाही, कारण मी त्यातला एक निघण्याची शक्यता आहे.

तर मुद्दा असा, की मी त्या बाकावर बसलो होतो तो माझ्या मोटारसायकलपायी. २०१२ साली घेतली तेव्हा ती लालभडक होती. पुढे आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या उन्हाने तिचा समाचार घेतला. हा भाग धानाचा. केशोरीचे नाव मिरचीसाठीही घेतात. मे महिन्यात अंगणात वाळत घातलेली मिरची आणि बाहेर उभी केलेली मोटारसायकल यांना सूर्य एकाच न्यायाने वागवतो. मिरची निदान लाल राहते. माझी गाडी विटक्या गाजरासारखी झाली. मुलगा म्हणाला, "बाबा, रंग नका मारू. कार्बन लावा. नवी दिसते."

कार्बन म्हणजे काय, हे मी आता शहाणा झाल्यामुळे विचारले नाही. रेडियममध्ये रेडियम नसते, तेव्हा कार्बनच्या कागदात कार्बनचे कापड नसणार, हे ओळखले. शर्यतीच्या मोटारींना म्हणे खरोखरच कार्बनच्या धाग्यांचे विणलेले अंग असते. हा त्याचा नुसता फोटो.

पोरगा मात्र कसबी. त्याने दोन गुंडाळ्या पुढे ठेवल्या. एक स्वस्त, एक महाग. फरक काय म्हणून विचारले, तर म्हणाला, "एक लाटेल हाय, एक ओतेल हाय." त्या एका वाक्यात त्याने अख्खा कारखाना सांगितला. स्वस्त विनाइल रुळांखाली लाटून काढतात. चपातीची कणीक लाटून ठेवली की कशी हळूच आत ओढली जाते, तसे ते उन्हात आक्रसते आणि कडा सोडते. महाग विनाइल धिरड्यासारखे ओततात. ओतलेले धिरडे जिथे पसरले तिथे पसरले. मागे फिरत नाही. जाडी साधारण पन्नास मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहून पातळ. (माझ्या बाबतीत ही तुलना आता फक्त पुस्तकी आहे.)

लावायची रीतही पाहण्यासारखी. साबणाचे पाणी शिंपायचे, कागद पसरायचा, मधून कडेकडे प्लॅस्टिकची पट्टी ओढत पाणी आणि हवा बाहेर काढायची. गोलाईवर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा द्यायची, म्हणजे कागद नरमतो आणि गुमान वळतो. एवढे करून फुगा राहिलाच, तर सुईने बारीक भोक पाडून दाबायचा. खालचा पत्रा मात्र आधी लख्ख हवा. धुळीचा एक कण राहिला, तरी वर पुटकुळी येते. जे दडपावे ते वर डोके काढते, हा सिद्धान्त मनोविज्ञानवाल्यांना सुचण्याआधी एखाद्या चिकटवणाऱ्याला नक्की सुचला असणार.

"पयले जुनं काढा लागन," पोरगा म्हणाला.

जुने म्हणजे टाकीवरची अक्षरे: 'आई-वडिलांचा आशीर्वाद'.

इथे मला वाचकांना एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. ज्यांना ठाऊक होती त्यांनीही सांगितली नाही. हा त्यांचा मोठेपणा.

गाडी घेताना मला पैसे कमी पडले होते. वडिलांकडे विषय काढला. ते म्हणाले, "सायकल का मेली का?" आई म्हणाली, "हळू चालव." बस. आशीर्वादाच्या खाती एवढीच रक्कम जमा होती. राहिलेले पैसे आले ते हिच्या पाटल्यांतून. तिच्या आईने लग्नात घातलेल्या दोन पाटल्या तिने हातातून उतरवल्या, पदराने पुसल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. मोडून आलो. गाडी आली. नारळ फुटला. आणि टाकीवर मी झोकात लिहून घेतले: 'आई-वडिलांचा आशीर्वाद'.

का लिहिले? सगळे लिहितात म्हणून. 'बायकोच्या पाटल्या' असे लिहिले असते तर मास्तरांच्या खोलीत वर्षभर पुरेल एवढी करमणूक झाली असती. ती पूजेचे ताट घेऊन पुढे आली, अक्षरे वाचली, आणि एवढेच म्हणाली, "अक्षरं चांगली आली." पुढे तिच्या तोंडून या विषयावर एक शब्द नाही.

पोराने गरम हवा दिली, कोपरा नखाने उचलला आणि अक्षरे एकेक करून सोलली. पेट्रोलच्या चिंधीने गोंद पुसला. आणि मी बघतच राहिलो. सगळी टाकी विटलेली, पण अक्षरांखालचा रंग पहिल्या दिवसासारखा लालभडक! ऊन तिथे पोचलेच नव्हते. कागद निघाला आणि 'आई-वडिलांचा आशीर्वाद' आधीपेक्षा ठसठशीत दिसू लागला. खोटे काढून टाकले तर ते खालच्या खऱ्या रंगात उमटले.

माझा चेहरा पाहून पोरगा म्हणाला, "फिकर नका करू गुरुजी. वरून कार्बन मारतो. कोनाले दिसनार नाही."

कोनाले दिसनार नाही! जगातल्या किती पापांचा जन्म या तीन शब्दांतून झाला असेल. वेदान्तात मायेच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत: आवरण आणि विक्षेप. आहे ते झाकणे आणि नाही ते दाखवणे. ही दोन्ही कामे एकाच पापुद्र्यात, मजुरी धरून, आमच्या गावात होतात.

मी बाकावर बसून विचार करू लागलो. चिकटवलेली प्रत्येक गोष्ट खोटी असते का? आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालते. पहाटे तिसऱ्या अंकाआधी सम्राट कनातीमागे विडी ओढत बसलेला सगळे बघतात. कोणी त्याला खोटारडा म्हणत नाही. कोणी फसलेलेच नसते. माझी कार्बनची टाकीही तसलीच. ती पाहून ही शर्यतीची गाडी आहे असे आमच्या म्हशींनाही वाटणार नाही. उलट, वर्तमानपत्राशी संबंध फक्त भजी बांधून आणण्यापुरता असताना जो 'प्रेस' चिकटवतो, तो फसवतो. त्याला सूट मिळते आणि दुसरा नाक्यावर अडकतो. कायद्यालाही हा फरक कळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली; आडून काही भलते घडले तर त्रास इतरांना होतो. महाराष्ट्रात २०१५ साली ट्रकमागचे 'हॉर्न ओके प्लीज'देखील बंद करण्याचा हुकूम निघाला. ते वाचून लोक विनाकारण भोंगा वाजवतात म्हणून. म्हणजे खोटे किती, यापेक्षा त्याचा भुर्दंड कोणाला, हा खरा प्रश्न.

आता माझ्या टाकीवरच्या तीन शब्दांचा भुर्दंड कोणाला पडला? वाहतूक पोलिसाला नाही. वडील तर ती अक्षरे दाखवून पाहुण्यांना सांगत, "पोराले जान हाय." वाक्य तरी खोटे होते का? आई-वडिलांचा आशीर्वाद नव्हता असे कोणते कोर्ट सिद्ध करील? वाक्य खरेच होते. फक्त पत्ता चुकला होता. एकाचे देणे दुसऱ्याच्या नावावर जमा केले होते, आणि जिचे होते ती त्याच गाडीवर मागे बसून, वर्षानुवर्षे, मला "पुढं खड्डा हाय" एवढेच सांगत होती.

पूर्वी आमच्याकडे अक्षरे पेंटर काढत. एक वेलांटी काढायला ते अर्धी बिडी घेत. 'आई' लिहून होईपर्यंत माणसाला 'वडील' खोडायला वेळ मिळे. आता यंत्राची सुरी दोन मिनिटांत कापून मोकळी होते. विचार करायला सवड अशी राहिलीच नाही, असे मी स्वतःला सांगून पाहिले. पटले नाही. मला सवड होती. बारा-तेरा वर्षे होती.

"थांब जरा," म्हणून मी घरी आलो. ही सूप घेऊन तांदूळ पाखडत होती.

"टाकी रंगवतो आहे," मी म्हणालो. "तुझं नाव लिहू का त्यावर?"

"माझं?" सूप थांबले. "कायले? पेट्रोल भरनारे पोट्टे वाचतीन."

"पाटल्या तुझ्या होत्या."

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पाटल्या मी तुमाले देल्या, गाडीले नाही. गाडीवर काहून लिहिता?" पुन्हा दोन वेळा पाखडून झाले. "पन एक डाव तोंडानं सांगाले पायजे होतं."

मी जन्मभर शेकड्यांनी पोरांना 'आभार' या विषयावर निबंध लिहायला लावले आहेत. दहापैकी गुण दिले आहेत. त्या क्षणी मला शून्य मिळाले आणि ते बरोबर होते.

मग मी तोंडाने सांगितले. काय सांगितले ते इथे देत नाही. ते चिकटवण्याजोगे नाही.

दुकानात परत गेलो तर पोराने कार्बन कापून ठेवला होता. म्हटले, "टाकीला काही लावू नकोस. आहे तशी राहू दे."

"कापेल माल वापस नाही होत जी."

तेही न्याय्यच. शेवटी तो कार्बन मागच्या मडगार्डवर लावला. आता माझी गाडी पुढून विटलेली, मागून शर्यतीची आणि मध्ये लालभडक आशीर्वादाची आहे. अर्जुनी मोरगावला गेलो की कोणी ना कोणी विचारतोच, "गुरुजी, टाकीवरचं रेडियम उडालं का?"

"उडालं," मी सांगतो.

मागून आवाज येतो, "पुढं पाहा. खड्डा हाय."