खाड्याचे पैसे

मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत भिंतीवर जी दिनदर्शिका टांगलेली असते, तिचा उपयोग तिथि पाहण्यापेक्षां हिशेब ठेवण्याकडेच अधिक होतो. कोठें दुधाचें माप लिहिलेलें असतें, कोठें इस्त्रीच्या कपड्यांची संख्या, आणि कांहीं तारखांवर नुसती एक फुली. ही फुली म्हणजे मोलकरणीचा खाडा. महिनाअखेर फुल्या मोजल्या जातात आणि अनेक घरांतून तितक्या दिवसांचे पैसे पगारांतून वजा होतात. खाडा तापामुळें झाला कीं जत्रेमुळें, हें फुलीवरून समजत नाहीं. समजावें अशी कोणाची अपेक्षाहि नसते. मौज अशी कीं, त्याच घरांतील मिळवतें माणूस आपल्या कचेरींत दोन दिवसांच्या तापासाठीं रजेचा अर्ज करतें व पूर्ण पगार घरीं आणतें. आणि त्यांत आपण कोणाचें कांहीं फुकट घेतलें असें त्यास क्षणभरहि वाटत नाहीं.

नोकर थोडे दिवस आजारी पडल्यास धन्यानें त्या दिवसांचें वेतन द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न कारखानदारांचा व कायदेपंडितांचा समजून आपण बाजूस सारतों. पण कचेरींत नोकर असलेले आपण घरीं धनी असतों, आणि म्हणूनच या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आपल्याइतक्या जवळून पाहण्याची संधि फार थोड्यांस मिळते.

प्रतिपक्षाचें म्हणणें सरळ आहे आणि तें हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. वेतन हें श्रमाचें मोल. श्रमच झाले नाहींत तर मोल कशाचें द्यावयाचें? शिवाय घरकाम असें आहे कीं, तें दुसऱ्या दिवसावर ढकलतां येत नाहीं. बाई आली नाहीं म्हणजे गृहिणीला कंबर कसावी लागते. मग भांडी आपणच घांसावयाचीं आणि पैसेहि आपणच द्यावयाचे, हा कोठला न्याय?

हा वाद आजचा नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत, धडधाकट असून केवळ दर्पानें काम न करणारा भृत्य आणि आजारामुळें काम न करूं शकलेला भृत्य, यांत स्पष्ट भेद केला आहे. पहिल्यास दंड आहे व वेतन नाहीं. दुसरा बरा झाल्यावर ठरलेलें काम पुरें करील तर दीर्घ काळ लोटला असला तरी त्याचें वेतन बुडत नाहीं. मात्र लगेच पुढें अशीहि अट आहे कीं, आजारी असो वा निरोगी, जो तें काम करवून देणार नाहीं त्यास वेतन देऊं नये. म्हणजे स्मृतिकारानें काळाची सूट दिली, कामाची दिली नाहीं. शुक्रनीति याच्या पुढें जाऊन अर्ध्या पंधरवड्याच्या आजारांत वेतन मुळींच कापूं नये असें सांगते. त्या ग्रंथाच्या प्राचीनत्वाविषयीं विद्वानांत वाद आहे. परंतु तो प्राचीन नसला तरी त्याचें म्हणणें त्यामुळें खोटें ठरत नाहीं.

मला वाटतें, घोटाळा ‘मोल’ या शब्दांत आहे. भाजी विकत घेतांना भाजीवाल्याशीं आपला संबंध पिशवी भरेपर्यंतचा असतो. मोलकरणीचें तसें नाहीं. तिनें उद्यां यावें, परवां यावें, आपल्या सोयीच्या वेळीं यावें, आणि दुसऱ्या कोणी चार रुपये अधिक देऊं केले तरी सणाच्या तोंडावर आपल्याला सोडून जाऊं नये, अशी आपली अपेक्षा असते. आपण तिच्या हातून झालेलीं भांडी विकत घेत नाहीं. तिचें रोज सकाळचें येणें बांधून घेतों. जें शरीर आपण महिन्याच्या महिना बांधून घेतलें, तें मधूनमधून तापणार, हें त्या करारांत न लिहितांहि आलेंच. आपल्या कचेरीनें आपल्याविषयीं हें मान्य केलें आहे. १९२० सालीं नव्हे, १९८० सालीं नव्हे, तर २०२० सालीं टाळेबंदींत जेव्हां कित्येक वसाहतींनीं घरकामाच्या बायांस दारें बंद केलीं, तेव्हां कांहीं घरांनीं काम नसतांहि पूर्ण पगार दिला आणि कांहींनीं दिला नाहीं. ज्यांनीं दिला त्यांचा संसार बुडाल्याचें मीं ऐकलें नाहीं.

खरी अडचण पैशांची नसून विश्वासाची आहे. “पैसे द्यावयाचे ठरविलें तर बाई रोजच आजारी पडेल,” हें वाक्य आपण सर्वांनीं ऐकलें आहे, बहुतेकांनीं उच्चारलेंहि आहे. मोलकरणीच्या चुलत्या-मावश्या वरचेवर मरतात अशी आपली तक्रार असते. कारकुनांच्या आज्या किती वेळां मरतात याची गणना मात्र कोणी ठेवीत नाहीं. जर्मनींत १८८३ सालीं बिस्मार्कच्या राजवटींत आजाराच्या विम्याचा कायदा झाला, त्यांतहि आरंभीचे कांहीं दिवस कामगारास कांहीं मिळूं नये अशी तजवीज होती. थोडक्या दिवसांचें दुखणें तेवढें खोटें असावयाचें, हा त्यामागील संशय. आणि हा संशय वर्ग पाहून धरला जाई. पुढें तेथील कारकून वर्गास आजारांत सहा आठवडे पूर्ण पगाराचा हक्क मिळाला, हातानें काम करणारास मिळाला नाहीं. याच भेदावर १९५६ च्या ऑक्टोबरांत श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतांतील जहाजबांधणी व धातुकामाच्या कारखान्यांतील तीस हजारांहून अधिक कामगारांनीं संप पुकारला आणि तो सोळा आठवडे चालविला. तरी कायद्यानें पूर्ण समता येण्यास १९७० साल उजाडावें लागलें. एकच ताप, तो मेजापाशीं बसणाऱ्यास आला तर खरा, यंत्रापाशीं उभ्या असणाऱ्यास आला तर संशयास्पद!

आपल्याकडील १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यानेंहि आजारीपणाच्या भत्त्यांतून सामान्यतः पहिले दोन दिवस वगळले. मोठ्या दुखण्याचा भार विम्यानें उचलावा हें योग्यच. एका लहान दुकानदारानें अगर गृहस्थानें तीन महिन्यांच्या क्षयाचा भार सोसावा असें मीहि म्हणणार नाहीं. पण मग पहिले दोन दिवस कोणाचे? तेवढे तरी धन्याचे असावयास हवेत. मोलकरणीला तर तो विमाहि नाहीं. दाखला आणावा म्हटलें, तर दोन दिवसांच्या तापाचा दाखला मिळविण्यास डॉक्टरला जें द्यावें लागतें तें कित्येकदां कापल्या जाणाऱ्या पैशांहून जास्त असतें.

पुण्यांत १९८० सालीं मोलकरणींनीं संप केला, त्याचें निमित्त हेंच होतें: आजारपणामुळें कांहीं दिवस येऊं न शकलेल्या एका बाईस कामावरून दूर करण्यांत आलें. संघटना त्यांतून उभी राहिली. सुशिक्षित पुण्याला तो संप आठवतो कीं नाहीं, कोण जाणे.

आपण कृपण आहों असें मात्र नाहीं. दिवाळीला पोस्त देतों, जुनीं लुगडीं देतों, मुलीच्या लग्नाला उचल देतों, प्रसंगीं डॉक्टरचे पैसेहि भरतों. मागितलें तर देतों. नेमकें तेंच मला खटकतें. ताप उतरल्यावर बाईनें दारांत उभें राहून चेहरा उतरवून सांगावें, आपण तो चेहरा पारखावा आणि मग फुली पुसावी. यांत आपणांस दातृत्वाचें समाधान लाभतें आणि तिला दोन दिवसांच्या पैशांसाठीं दीनपणा विकावा लागतो. आपल्या साहेबापुढें आपण असे उभे राहिलों असतों काय?

आतां बदलीची गोष्ट. मनूची ती ‘करवून देण्याची’ अट आपण न वाचतांहि पाळीत आलों आहों: येणें जमत नसेल तर बाईनें बदली द्यावी. ही बदली बहुधा कोण असते? बाहेरची बाई पाठवावी तर तिचे पैसे स्वतःच्या पदरचे जातात. म्हणून पुष्कळदां बाईची बारा-तेरा वर्षांची मुलगीच येते. ती निमूटपणें भांडी घांसते, आपल्याला अडचण पडत नाहीं, आणि दिनदर्शिकेवर फुलीहि पडत नाहीं. फुली दुसरीकडे, शाळेच्या हजेरीपटावर पडलेली असते. ती आपल्या हिशेबांत येत नाहीं.

म्हणून माझें म्हणणें इतकेंच आहे कीं, महिन्यांतून दोन दिवस आजाराचे, कारण न विचारतां व पैसे न कापतां, कामावर ठेवतेवेळींच बोलून ठरवावे. त्या दिवशीं बदली हवीच असेल तर तिचे पैसे वेगळे द्यावे, आणि ती शाळकरी मुलगी असल्यास तिला दारांतूनच परत पाठवून भांडी आपण घांसावीं. कांहीं बाया न आजारी पडतांहि हे दोन दिवस घेतील. घेवोत. वर्षअखेर शिल्लक राहिलेली रजा वायां जाऊं नये म्हणून आपल्याला ज्या डिसेंबरांत हटकून पडसें होतें, त्या डिसेंबरांत हा हिशेब फार काटेकोरपणें करण्याचें कारण मला दिसत नाहीं.