पंगतीतला गव्हाचा कण

सत्यनारायणाच्या कथेत कलावती प्रसाद न घेताच नवऱ्याला भेटायला धावते आणि त्याची नौका दिसेनाशी होते. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ही कथा ऐकतच माणसं मोठी होतात आणि प्रसाद नाकारू नये, हा धाक मनात घर करून बसतो. आता असं एक घर घेऊ, जिथं एका मुलाला सीलिअॅकचा आजार आहे. डॉक्टरांनी गहू जन्मभरासाठी बंद केला आहे. पूजा होते, आरती होते, तीर्थ हातावर पडतं आणि पाठोपाठ रव्याचा शिरा येतो. घरातलं वडीलधारं माणूस मायेनंच म्हणतं, ‘देवाचा प्रसाद आहे, कणभर तोंडात टाक, काही होत नाही.’ आईला मुलाला अडववतही नाही आणि प्रसाद देववतही नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा वैद्यक आणि श्रद्धा यांच्यातला तंटा वाटेल. मला तो धर्माच्या आतलाच प्रश्न वाटतो. खाण्याचे नियम पदार्थ जपण्यासाठी असतात की पंगत जपण्यासाठी? माझं म्हणणं असं आहे की जिथं दोन्ही एकदम जपता येत नाहीत तिथं पदार्थ बदलावा, पंगत मोडू नये. घरातल्या एकाला गहू चालत नसेल तर देवापुढच्या प्रसादापासून संध्याकाळच्या खाऊपर्यंत जे जे वाटून खायचं, ते सगळ्यांसाठीच बिनगव्हाचं करावं.

आधी त्या ‘कणभरा’चा विचार करू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. सीलिअॅक म्हणजे पोट नाजूक असणं नव्हे, नावडही नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सीलिअॅक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारं आतड्याचं मखमली अस्तर झिजतं, मूल खात राहतं आणि तरी खुरटत जातं. जगात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार असतो. आपल्याकडे गव्हावर जगणाऱ्या उत्तर भारतात तो जास्त आढळतो, दक्षिणेत कमी. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध उघड झाला तो डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या कामातून. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या अखेरीस, नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी असताना या आजाराची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा खालावली. डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात हा संबंध मांडला. गहू आणि ग्लुटेन असलेली इतर धान्यं कायमची आणि पूर्णपणे सोडणं, हाच आजही यावरचा उपाय आहे. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असू नये, अशी मर्यादा भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांतही आहे. किलोमागे मिलिग्रॅम मोजावे लागतात, तिथं चिमूटभर शिरा हे फार मोठं माप झालं.

मग प्रसाद नाकारल्याचा दोष लागतो का? याचं उत्तर बाहेर शोधायला नको, पोथीतच आहे. सत्यनारायणाच्या कथेत नैवेद्याचं साहित्य सांगताना केळी, तूप, दूध आणि गव्हाचं पीठ सांगितलं आहे, आणि लगेच पुढे गहू नसेल तर तांदळाचं पीठ घ्यावं, साखर नसेल तर गूळ घ्यावा, अशी मुभाही दिली आहे. म्हणजे ज्या पोथीचा धाक घातला जातो, तिनेच पदार्थाची अट सैल ठेवली आहे. सव्वाचं माप राखून तांदळाच्या रव्याचा शिरा केला तर विधीत काही उणं राहत नाही. त्याच कथेतला तुंगध्वज राजा पाहा. रानात वडाखाली गोपाळांनी पूजा केली आणि राजाला प्रसाद दिला, तो त्याने घेतला नाही. त्याचं सर्वस्व गेलं आणि परत मिळालं ते गोपाळांमध्ये जाऊन बसल्यावर. या राजाला कसलं पथ्य नव्हतं. गुराख्यांच्या हातचं खाण्यात त्याला कमीपणा वाटला. कलावतीचीही चूक बेपर्वाईची होती. दोन्ही गोष्टींत दोष आहे तो प्रसादाचा आणि तो देणाऱ्यांचा अव्हेर करण्याचा. आजारी आतड्याने गहू न पेलणं या दोषात कुठेच बसत नाही. उलट, या मुलाला खाता येणार नाही हे ठाऊक असूनही तोच पदार्थ करणारं घर त्या राजाच्या जवळ जातं, कारण पंगतीतल्या एका माणसाची त्याने दखल घेतलेली नसते.

यावर गंभीर आक्षेप असा की पदार्थ इतका बदलता ठेवला तर परंपरेत उरतं काय? आज गहू गेला, उद्या तूप जाईल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण काही परंपरांत पदार्थच विधीचा गाभा असतो. कॅथलिक पंथात मिस्सा या उपासनेत वाटला जाणारा पाव, म्हणजे ओस्ती, गव्हाचाच लागतो. २०१७ साली व्हॅटिकनने बिशपांना पाठवलेल्या पत्रात, ज्यात ग्लुटेन मुळीच नाही अशी ओस्ती या संस्काराला चालणार नाही, असं पुन्हा स्पष्ट केलं. गोव्यातल्या सीलिअॅक असलेल्या कॅथलिकालाही हाच नियम लागू आहे. पण तोच नियम पुढे दोन वाटा देतो. अत्यल्प ग्लुटेन असलेली गव्हाची ओस्ती चालते, आणि तीही सोसत नसेल तर नुसत्या द्राक्षारसाने घेतलेला संस्कार पूर्ण मानला जातो. म्हणजे पदार्थाबाबत इतक्या ताठर असलेल्या परंपरेलाही माणसाला वेदीपासून परत पाठवणं मान्य नाही. आपल्या परंपरेला तर इतकी कसरतही करावी लागत नाही. एकादशीच्या फराळाकडे पाहा. शेंगदाणे, बटाटे, मिरची, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा, या सगळ्या वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या, म्हणजे गेल्या पाचशे वर्षांत आपल्याकडे आलेल्या. धार्मिक वृत्तीच्या माणसांनीच त्यांना उपवासाच्या ताटात बसवलं. पदार्थ येत-जात राहिले. देवाला दाखवायचं आणि सगळ्यांना वाटायचं, हे टिकलं. परंपरेत उरतं काय, या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

देवघरातून माजघरात आलं की प्रश्न अधिकच टोकदार होतो, कारण प्रसाद कधीमधी असतो आणि खाऊ रोजचा. बहुतेक घरांत यावरची सोपी तोड अशी निघते की सगळ्यांना बिस्किटं-केक आणि त्या एकाला वेगळ्या डब्यातलं वेगळं काहीतरी. यात हेतू वाईट नसतो, पण याला आपल्याकडे जुनं आणि कठोर नाव आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं वाढणं आपल्या लोकांनी नेहमीच हीन मानलं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, जो एकटाच खातो तो पापाचाही एकटाच धनी होतो, या अर्थाचं वचन आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःसाठी रांधणाऱ्यांना असाच दोष दिला आहे. वारकऱ्यांनी हे तत्त्व काल्यात उतरवलं. पंढरीची वारी गोपाळपूरच्या काल्याने पूर्ण होते, सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. कृष्णाने सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या आणि कुणाचं काय होतं हे ओळखू येऊ दिलं नाही, ही त्यामागची भावना. आणि काल्यात असतं काय? पोहे, लाह्या, दही, काकडी, डाळ, लोणच्याची फोड. ना गहू, ना भट्टी. सुदाम्याने द्वारकेला नेले तेही पोहेच. गहू आणि भट्टी न लागणाऱ्या ज्या खाऊला आज मोठी नवी नावं देऊन विकलं जातं, तो आपल्या भक्तिपरंपरेच्या अगदी मधोमध बसलेला आहे.

भट्टी न लागण्याचा मुद्दा केवळ सोयीचा नाही. पाव, केक, नानकटाई यांची सगळी रचना गव्हाच्या गुणांवर उभी असते. पाव फुगतो तो ग्लुटेनच्या चिवट जाळ्यात हवा कोंडली जाते म्हणून. त्यामुळे गहू काढून केलेला पाव गव्हाच्या पावाची नक्कल करत राहतो, त्यासाठी त्यात नाना स्टार्च आणि डिंक घालावे लागतात, आणि खाणाऱ्याला प्रत्येक घासाला आपण काय गमावलं याची आठवण होते. लाडवाचं तसं नाही. शेंगदाण्याचा लाडू घ्या. दाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, हातावर चोळून सालं पाखडायची, मिक्सर थांबत थांबत फिरवून जाडसर कूट करायचं, कारण एकदम फिरवलं तर तेल सुटून लगदा होतो. दोन वाट्या कुटाला पाऊण वाटी चिरलेला गूळ, थोडी वेलची, आणि पुन्हा एकदा फिरवलं की दाण्याच्याच तेलात गूळ मुरतो आणि मुठीत लाडू वळला जातो. बांधायला ग्लुटेन लागत नाही, गूळ आणि तेल पुरतात. राजगिऱ्याच्या लाह्यांची वडी, तिळगूळ, खजूर-सुकामेव्याच्या वड्या, खोबरं घालून दडपलेले पातळ पोहे, हे सगळे पदार्थ असे स्वयंपूर्ण आहेत. ते कशाची जागा घेत नाहीत. म्हणूनच ते सगळ्यांनी मिळून खाल्ले की कुणी कुणासाठी त्याग केला, असं कुणालाच वाटत नाही.

तरीही विचारलं जाईल की एकासाठी सगळ्यांनी का सोडावं? पोळी ही मराठी घराची रोजची गरज आहे आणि निरोगी माणसाला गव्हाने काही अपाय होत नाही. हे खरं आहे, आणि म्हणून मी घरातून गहू हद्दपार करा असं म्हणत नाही. आजार नसताना गहू सोडून आरोग्य मिळवू पाहणाऱ्यांची बाजूही मी घेत नाही. सीलिअॅकचा संशय असेल तर तपासणीआधीच गहू सोडणं तर घातक, कारण मग तपासणीतून नीट काही कळत नाही. जेवणात ज्याच्या त्याच्या पथ्याप्रमाणे ताटं वेगळी होणारच. मधुमेह असलेल्या आजोबांचं ताट वेगळं असतंच. पण खाऊचं काम भूक भागवण्यापुरतं नसतं. तो हातावर ठेवला जातो, वाटला जातो, आणि वाटण्यातून मुलाला आपण या घराचे आहोत हे कळतं. तिथं वेगळं काढणं मनाला लागतं. आणखी एक प्रामाणिक आक्षेप पौष्टिकतेचा. गूळ ही शेवटी साखरच आहे, आणि तुपात परतलेला साबुदाणा बिनगव्हाचा असला तरी बराचसा नुसता स्टार्च आहे. बिनगव्हाचं म्हणजे आपोआप पौष्टिक नव्हे. म्हणून दाणे, तीळ, राजगिरा, नाचणी यांना खाऊत मोठा वाटा द्यावा आणि गोडाला हात आखडता घ्यावा. गीता सहाव्या अध्यायात युक्त आहार सांगते, तो याच अर्थाने इथं लागू पडतो.

सगळ्यात अवघड प्रश्न स्पर्शाचा आहे. या मुलासाठी वेगळा झारा, वेगळं फडकं, वेगळा डबा ठेवावा लागतो. गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्यामागून दळलेल्या नाचणीत तो उतरतो. मेतकुटात गहू असतो. चिवड्याच्या फोडणीतल्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. इतकी शिवाशिव पाळायची तर हे जुनं सोवळंच नव्हे का, ज्याने माणसं माणसांपासून तोडली? बाहेरून दोन्ही सारखे दिसतात हे मान्य करायला हवं. फरक आहे तो दिशेचा. त्या सोवळ्यात दुसऱ्याच्या स्पर्शाने मी बाटेन ही भीती होती आणि तिचा भार नेहमी दुबळ्यावर पडला; त्याला दाराबाहेर उभं राहावं लागलं. इथं माझ्या हाताने दुसऱ्याला इजा होईल ही काळजी आहे आणि तिचा भार धडधाकट माणसांनी उचलायचा आहे. पहिल्या नियमाने पंगतीतून माणूस उठवला, दुसरा त्याला पंगतीत बसवतो. धर्माचे नियम कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवताना हा निकष अन्नापुरताच नव्हे, सगळीकडे उपयोगी पडावा : नियमाची झळ कुणाला लागते आणि त्याने कुणाला जागा मिळते, हे आधी पाहावं.

म्हणून वडीलधाऱ्यांच्या त्या आग्रहाला विरोध करण्यापेक्षा त्याची दिशा बदलावी. मुलाने प्रसाद घ्यावा ही त्यांची इच्छा योग्यच आहे; ती पुरी करण्याची जबाबदारी मुलाच्या आतड्यावर न टाकता स्वयंपाकघराने घ्यावी. पुढच्या पूजेला पोथीत सांगितलेल्या मुभेप्रमाणे शिरा तांदळाच्या रव्याचा करावा, स्वच्छ घासलेल्या कढईत करावा, आणि तो एकट्या मुलासाठी वाटीभर न करता आल्यागेल्या प्रत्येकाला पुरेल इतका करावा. तो शिरा हातावर घेताना कुणी कुणावर उपकार करत नसेल आणि कुणाचं काही कमीही होत नसेल.