पान्हा आणि परका

जगातील बहुतेक कामे मनुष्याच्या सोयीने थांबू शकतात. न्यायालयास सुट्टी असते, शाळेस असते. देवदेखील शेजारती झाली म्हणजे विश्रांती घेतो. रायगडच्या किनाऱ्यावर तर समुद्रावरचा धंदाही थांबतो. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांस मासेमारीची मनाई असते, आणि त्या काळात रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या बंदरांत होड्या शाकारून ठेवलेल्या दिसतात. भातास आवणीचा हंगाम आहे, आंब्यास मोहोराचा आहे. दुभत्या जनावराची कास तेवढी कोणाचीच वाट पाहत नाही. ती दिवसातून दोन वेळा भरते आणि दोन वेळा रिकामी व्हावीच लागते. दिवाळी असो, घरात सुतक असो वा देशात टाळेबंदी असो, बारा तास लोटले की कोणीतरी बादली घेऊन तिच्यापाशी बसलाच पाहिजे. प्रस्तुत लेखात आम्हांस विचार करावयाचा आहे तो या ‘कोणीतरी’विषयी.

काही दिवसांपूर्वी चौलच्या बाजूस एका स्नेह्यांकडे मुक्कामास असता पहाटे तीनच्या सुमारास आम्ही त्यांच्या गोठ्यात जाऊन उभे राहिलो. बारा म्हशी होत्या, एक दिवा होता, आणि रिकाम्या बादलीच्या तळावर पडणाऱ्या धारांचा खणखणीत आवाज होता; बादली भरू लागली तसा तो आवाज मऊ होत गेला. म्हशी मेहसाण्याकडून आणलेल्या. दूध काढणारा गृहस्थ उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातला. या गोठ्यात त्यास सतरा वर्षे झाली होती, आणि त्याची खाट गोठ्याच्याच एका कोपऱ्यात होती. दुपारी पुन्हा तीन वाजता हेच काम असल्यामुळे त्याची झोप रोज दोन तुकड्यांत मोडते. सतरा वर्षांत एक अखंड रात्र अशी त्याच्या वाट्यास फारशी आली नसावी. घरच्या आजींकडे आम्ही त्याची प्रशंसा केली, तेव्हा त्या म्हणाल्या, “गुणाचा आहे हो, पण किती झाले तरी बाहेरचाच.”

आजींच्या बोलण्यात तुसडेपणा नव्हता. त्यांनी एक सर्वमान्य गोष्ट सांगितली, इतकेच. आपण सारेच त्यास भय्या म्हणतो. भय्या म्हणजे भाऊ. परंतु मराठीत येताना त्या शब्दातील भावाचे नाते गळून पडले, आणि मागे उरला तो केवळ परकेपणा. हाच आमचा प्रश्न आहे. ज्याच्यावाचून आपले एक दिवसही चालत नाही, त्यास बाहेरचा म्हणण्याचा अधिकार आपणांस कोठून प्राप्त होतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दूध कसे निघते हे आधी पाहिले पाहिजे. गाईच्या मानाने म्हशीच्या कासेत आयते साठलेले दूध फारच थोडे असते. बहुतेक सारे वरच्या सूक्ष्म पिशव्यांत असते, आणि जनावराने आपणहून सोडल्याखेरीज ते खाली उतरत नाही. या सोडण्यासच आपण पान्हा म्हणतो. वासराने ढुशी दिली, ओळखीचा हात लागला, ठराविक वेळी बादलीचा आवाज आला, म्हणजे मेंदूतून एक रस रक्तात उतरतो व पान्हा सुटतो. भीती वाटली, हात अनोळखी लागला, की तो अडतो. पान्हा चोरणे हा वाक्प्रचार गोठ्यातून भाषेत आला आहे, आणि तो अक्षरशः खरा आहे. आमच्या स्नेह्यांच्या गोठ्यातला हा माणूस मुलीच्या लग्नासाठी महिनाभर गावी गेला होता. त्या अवधीत घरचे चिरंजीव बादली घेऊन बसले. दोन म्हशींनी त्यांस जवळ येऊ दिले नाही, आणि उरलेल्यांचे दूध घटले. घराच्या दृष्टीने बाहेरचा कोण याचा निर्णय आजींनी केला होता. गोठ्याच्या दृष्टीने तो म्हशींनी केला, आणि तो उलट होता.

तात्पर्य, दूध काढणे हे केवळ हाताचे काम नाही. ते सहवासाचे काम आहे, आणि सहवास एका दिवसात विकत मिळत नाही. सहवास टाळून पान्हा मिळविण्याचे मार्ग मनुष्याने शोधले नाहीत असे नाही. पूर्वी शहरांतील गोठ्यांत फुक्याची क्रूर चाल होती. महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले, त्यास ब्रह्मचर्याच्या विचाराप्रमाणेच कलकत्त्याकडे जनावरांच्या होणाऱ्या या छळाचे वाचनही कारण झाले होते. आता फुक्याची जागा सुईने घेतली आहे. जो रस जिव्हाळ्याने सुटावयाचा, तोच बाहेरून टोचून दूध ओढून घ्यावयाचे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने या दोन्ही गोष्टी दंडनीय ठरविल्या. कायद्याने जनावराच्या बाबतीत जे ओळखले, ते असे की, नाते टाळून केवळ उत्पन्न घेणे हा अपराध आहे. तेच तत्त्व जनावराजवळ बसणाऱ्या मनुष्यास आपण लागू करीत नाही. त्याची उपस्थिती आपणांस कायमची हवी असते, आणि त्याचे स्थान मात्र तात्पुरते ठेवावयाचे असते.

ही विसंगती केवळ आपल्या किनाऱ्याची नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार तेथील दुग्धशाळांतील निम्म्याहून अधिक कामकरी परदेशांतून आलेले होते, आणि अशा कामकऱ्यांना ठेवणाऱ्या दुग्धशाळांतून त्या देशाचे सुमारे ७९ टक्के दूध येत होते. तथापि शेतीसाठी परदेशी मजूर आणण्याचा तेथील परवाना हंगामी कामापुरताच आहे, आणि गाईस हंगाम नसल्यामुळे दूध काढणाऱ्यास तो सहसा मिळत नाही. इटलीच्या उत्तरेस पो नदीच्या खोऱ्यात ज्या दुधापासून तेथील नामांकित चीज होते, ते दूध काढणाऱ्यांत आपल्या पंजाबातून गेलेले शीख पुष्कळ आहेत. म्हणजे जौनपूरचा मनुष्य चौलास जो आहे, तोच पंजाबचा मनुष्य इटलीत आहे. यंत्र आले म्हणजे प्रश्न सुटेल असे काहीजण म्हणतात. अमेरिकेत व इटलीत यंत्रे कधीच आली आहेत. यंत्राने बोटांचा शीण वाचविला. परंतु कास धुणारा, आजार ओळखणारा, रात्री विणाऱ्या जनावरापाशी जागणारा मनुष्य त्याने वाचविला नाही.

आता या विचारावर जे आक्षेप येतील ते टाळणे योग्य नव्हे. पहिला आक्षेप असा की, आम्ही मजुरी देतो, त्याने ती पत्करली आहे, येथे व्यवहार संपला. उत्तर असे की, मजुरीने तास विकत घेता येतात. म्हशीचा विश्वास त्या तासांत मोजलेला नसतो. तो सतरा वर्षांत जमलेला असतो, आणि त्याचा लाभ मालकास मिळतो. घेतलेल्या वस्तूची किंमत पूर्ण दिली नसेल, तर व्यवहार संपला असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाहेरचे लोक आले की मजुरी पडते व येथल्या तरुणास काम उरत नाही, असे म्हणतात. या किनाऱ्यावरील लोकांचे भय आम्ही खोटे मानीत नाही. डोळ्यांदेखत जमिनी गेल्या व वाडी होती तेथे बंगल्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. परंतु जमिनी घेणारे हातात दुधाची बादली घेऊन आले नव्हते. आणि मजुरी पडते ती मनुष्य बाहेरचा असल्यामुळे नव्हे. त्यास नाही म्हणता येत नसल्यामुळे पडते. ज्याची खाट मालकाच्या गोठ्यात आहे, त्याने काम सोडले तर त्याच रात्री तो उघड्यावर येतो. त्यास स्वतंत्र छप्पर व ठराविक सुट्टी मिळू लागली, तर त्या कामाची किंमत वाढेल, आणि मग कदाचित येथला तरुणही ते करावयास बसेल.

तिसरा आक्षेप असा की, तो स्वतःच येथला होऊ इच्छीत नाही. त्याचे मन गावी, पैसा गावी. हे खरे आहे, आणि कोकणी मनुष्यास ते सांगावयास नको. १९८२ च्या गिरणी संपापूर्वीच्या दोनतीन पिढ्या आठवाव्या. आमचेही लोक गिरणगावात एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत, आणि गणपतीस व शिमग्यास गावी येत. ते मुंबईचे होते की गावचे? ते दोन्हींचे होते, आणि मुंबईने त्यांस बाहेरचे म्हटले असते तर आपणांस ते सोसले नसते. तेव्हा गावी जाणाऱ्याच्या जागी गिरणीत ‘बदली’ कामगार उभा राहत असे. गोठ्यात बदली नसतो. म्हणूनच या मनुष्यास बापाच्या आजारातदेखील रजा मागताना संकोच वाटतो.

कष्टाने हक्क उत्पन्न होतो की नाही, हा प्रश्न या जिल्ह्याने एकदा मोठ्या धैर्याने सोडविला आहे. तेव्हा त्याचे नाव कुलाबा होते. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला, आणि उपासमार सोसून तो १९३९ पर्यंत चालविला. मध्यंतरी १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या मुंबई कूळकायद्याने, १९३८ च्या आरंभापूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्यास ‘संरक्षित कूळ’ म्हणून मान्यता दिली. त्या सहा वर्षांच्या अटीत एक मोठे नीतितत्त्व आहे. जो टिकून राहिला, ज्याने एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे घाम गाळला, त्यास केवळ मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही. गोठा त्याच्या नावे करा असे आम्ही म्हणत नाही, आणि तोही तसे मागत नाही. परंतु ज्या मातीने सहा वर्षांची चाकरी हक्कास पात्र मानण्यासाठी लढा दिला, तिने सतरा वर्षांची चाकरी शून्य मानावी, हे आपल्याच इतिहासास विसरणे होय.

कायद्याकडे बोट दाखवून येथे फारसे भागत नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला. तो पाच वा अधिक असे कामगार असलेल्या ठिकाणांपुरता होता. २०२० साली संमत झालेल्या संहितेत ती संख्या पाचाची दहा झाली. एकदोन गडी असलेला गोठा दोन्हींच्या बाहेर राहतो. कायदा जेथे पोहोचत नाही तेथेच नीतीची खरी परीक्षा असते, कारण तेथे आपणांस कोणी विचारणारा नसतो.

मग करावे काय? आमची सूचना लहान आहे. त्याची खाट गोठ्यातून उठवून एका खोलीत न्यावी. वर्षातून एक महिना त्याची रजा धरून चालावी, आणि ती हक्काने त्याची असावी. आणि त्या महिन्यासाठी घरातील कोणी तरी आधीपासून त्याच्या शेजारी बसून म्हशींची ओळख करून घ्यावी. हे शेवटचे कलम आम्ही सर्वांत महत्त्वाचे मानतो. आजींच्या घरी आता ते सुरू झाले आहे, असे स्नेह्यांचे पत्र आले आहे. धाकटी सून रोज दुपारी त्याच्याजवळ बसते. म्हशींनी तिला अद्याप पुरते मानलेले नाही. तो मात्र तिला शिकवितो आहे.