टिळकांच्या घरांतील पांच वर्षें

वाचनाचा भाग : इब्री लोकांस पत्र, अध्याय १३, ओवी ७



ज्यांनीं आपणांस वचन ऐकविलें त्यांचें जिणें शेवटपर्यंत नीट न्याहाळावें, असा ह्या ओवीचा उपदेश आहे. आपण मात्र भक्तांच्या चरित्रांतील एकच दिवस पाहतों. दमास्काच्या वाटेवर प्रकाश पडला व शौल पालटला, हें पोरासोरांसहि पाठ असतें. पुढें त्यानें अरबस्तानांत व तार्सांत काळ काढला, त्याची कथा कोणी सांगत नाहीं.

सातारा जिल्ह्यांतील मंडळ्यांस रे. नारायण वामन टिळक परके नाहींत. १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून त्यांनीं साताऱ्यासच 'देवाचा दरबार' मांडला, व त्यांत बाप्तिस्मा झालेल्यांबरोबर न झालेल्यांसहि जागा ठेविली. १९१९ च्या मे महिन्यांत ते मुंबईस प्रभूकडे गेले. बाप्तिस्मा न झालेल्या मनुष्यास असें जवळ बसविण्याचें धैर्य त्यांस कोठून आलें? मला वाटतें, तें त्यांच्या स्वतःच्या घरांतून आलें.

टिळक आगगाडीनें राजनांदगांवास चालले असतां डब्यांतील एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून त्यांनीं वाचावयास घेतला. आणि डोंगरावरील प्रवचन येतांच पुस्तक खालीं ठेववेना.  (बाजारच्या दिवशीं पत्रकें वाटून खिन्न मनानें परतणाऱ्या आमच्या उपदेशकांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें.)

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळीं आप्तांच्या घरीं होत्या. त्यांच्यावर जणूं आकाश कोसळलें. कांहीं वर्षें ताटातुटींत गेलीं. पुढें त्या पतीकडे राहावयास आल्या, तरी चूल निराळी, पाणी निराळें, सोंवळें तसेंच. टिळकांचा स्वभाव कांहीं थंड नव्हता. तरी त्यांनीं पत्नीच्या चुलीस हात लाविला नाहीं. सोंवळ्याओंवळ्याची गांठ त्या बाईच्या मनांत हळूहळू सुटत गेली, आणि १९०० सालीं त्यांनीं आपखुशीनें बाप्तिस्मा घेतला. हें सर्व त्यांनींच 'स्मृतिचित्रें' ह्या पुस्तकांत मोकळेपणानें, कित्येकदां हंसत, लिहून ठेविलें आहे. पतीच्या मागें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' पुढें नेणाऱ्या त्याच. ओढून आणलेल्या मनुष्याकडून अशी सेवा घडती काय?

हें मी उशिरां शिकलों. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलों होतों, व कृष्णाकांठच्या एका गांवीं माझी नेमणूक होती. तेथील एका शेतकऱ्यानें बाप्तिस्मा घेतला, बायको येईना. ती त्याचें ताट ओसरीवर ठेवी व आपण आंत जेवी. मीं त्यास भर मंडळींत विचारलें कीं, ज्याचें घर अंधारांत, त्याची साक्ष कसली? नाताळापूर्वीं तिला घेऊन ये. तो मान खालीं घालून गेला. त्या रात्रीं त्यानें तिच्यावर हात टाकला. पहाटे ती मुलें घेऊन तासगांवाकडे माहेरीं गेली, आणि त्यानंतर तोहि उपासनेस आला नाहीं. हात त्याचा होता, परंतु घाई माझी होती. विश्वास न ठेवणारी पत्नी नांदावयास राजी असेल तर तिला सोडूं नये, हें पौलानें करिंथच्या मंडळीस लिहिलेलें वचन मला परीक्षेपुरतें पाठ होतें.

आजहि आपल्या मंडळ्यांत असे अर्धे आलेले संसार आहेत. उपदेशक बंधूंनो, अशा घरीं जातां तेव्हां "ती केव्हां येणार?" असें विचारूं नका. तिच्या दुखण्याखुपण्याची चौकशी करा. तिच्या चुलीपाशीं बोलाविल्यावांचून जाऊं नका. तिच्या धन्यास मात्र सांगा कीं, त्याचा पालट आधीं तिला दिसला पाहिजे. पाळकास मागाहून दिसला तरी चालेल.

दोन वर्षांपूर्वीं मी त्या शेतकऱ्याच्या दारीं जाऊन क्षमा मागितली. बाई केव्हांच परत नांदावयास आली होती. त्यानें कांहीं न बोलतां घोंगडें अंथरलें. थोड्या वेळानें तिनें नातवाच्या हातीं पाण्याचा तांब्या बाहेर धाडला. आम्ही पावसापाण्याचें व उसाचें बोललों. बाप्तिस्म्याचा शब्द मीं काढला नाहीं. निघतांना तो म्हणाला, "परत या."