शरीराची साक्ष

कादंबरीकाराला शरीर फार उपयोगी पडते. नायिकेचे गाल आरक्त झाले, तिचा हात थरथरला, एवढे लिहिले की तिच्या मनातले निराळे सांगावे लागत नाही. शरीर खोटे बोलत नाही, हा आम्हा लेखकांचा जुना समज. कथेत तो चालतो. संसारात मात्र त्याने पुष्कळांवर अन्याय केला आहे, असे मला वाटते.

कांदा चिरताना डोळ्यांना धारा लागतात. तेव्हा ‘कसले दुःख झाले?’ असे कोणी विचारीत नाही. डोळ्यांची साक्ष आपण तिथे ग्राह्य धरीत नाही. पण कामोद्दीपनाचा विषय निघाला की हा विवेक आपल्याला सोडून जातो. शरीर उद्दीपित झाले ना, मग मनात वासना असलीच पाहिजे, असा निकाल देऊन आपण मोकळे होतो.

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही. पण शहाण्यांनी लिहिलेले वाचता येते. २००१ साली सँड्रा लायब्लम आणि शॅरन नेथन या अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मनात इच्छा नाही, विचार नाही, तरी स्त्रीच्या जननेंद्रियांतील उद्दीपन तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस टिकते. शमन झाले तरी ते पुन्हा उसळते. त्यात सुख नसते, छळ असतो. पुढील संशोधनात त्याची कारणेही हाती येऊ लागली. कुणाच्या कण्याच्या तळाशी मज्जातंतूंच्या मुळांवर द्रवाच्या बारीक पिशव्या आढळल्या, कुणाची कटिभागातील नस डिवचली गेली होती, तर कुणाला नैराश्यावरचे औषध सुरू वा बंद केल्यावर हा त्रास जडला. प्रत्येकीचे कारण सापडतेच असे नाही; पण शोधायचे कुठे, ते कळले. शीलात नव्हे, नसांत.

पुरुषांतही असे एक दुखणे आहे. इच्छेवाचून इंद्रिय ताठरते आणि वेदना होऊनही उतरत नाही. सिकलसेलच्या रोग्यांत हे विशेष आढळते, कारण विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी तिथे अडकून पडतात. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रोगी पुष्कळ आहेत. चार तासांहून अधिक वेळ गेला तर तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. उशीर झाला तर कायमची हानी होते. आता चौदा वर्षांचा मुलगा रात्री हे आईला कसे सांगणार? तो पांघरूण ओढून पडून राहतो. रोगाइतकीच त्याची लाज त्याचा घात करते.

कोणी म्हणेल, ‘मग सगळेच शरीरावर ढकलून माणसाने मोकळे व्हावे काय?’ मुळीच नाही. आपण काय इच्छिले आणि काय केले, याचा जाब प्रत्येकाने दिलाच पाहिजे. उलट, ही सीमारेषा स्पष्ट झाली की जबाबदारी अधिक नेमकी होते. बळजबरी सोसणाऱ्या व्यक्तीचे शरीरही कधी प्रतिसाद देते. तो होकार नव्हे. होकार मन देते. शरीराची साक्ष काढून गुन्हेगाराने सुटू नये, आणि त्याच साक्षीने निरपराध्याने स्वतःला आयुष्यभर दोषी ठरवू नये.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि असल्या विषयांवर स्पष्ट लिहिल्याबद्दल खटले सोसले. तेवढे धैर्य आपल्यापाशी कोणी मागत नाही. घरातल्या लेकीसुनेने किंवा वाढत्या मुलाने चाचरत काही सांगायला सुरुवात केली, तर कपाळाला आठ्या न घालता पूर्ण ऐकून घ्यावे आणि म्हणावे, ‘यात तुझे काही चुकले नाही. हे दुखणे आहे. चल, डॉक्टरांकडे जाऊ.’